श्रावणात साठलेल्या अंड्यांचं काय करायचं

आखाड संपला की गावरान अंड्यांचं गिऱ्हाईक एका रात्रीत गायब होतं. कोंबड्यांना मात्र श्रावण कळत नाही. ग्रामप्रियासारख्या सुधारित जातीच्या डझनभर कोंबड्या भरात असतील तर रोजची सात-आठ अंडी धरा. महिन्याला सव्वादोनशे, म्हणजे तीस अंड्यांचे साडेसात ट्रे. गणपती विसर्जनापर्यंत पाळणारी घरं असतील तर यात आणखी जवळपास दोन आठवड्यांची भर. निव्वळ देशी कोंबडी असेल तर प्रश्न एवढा मोठा होत नाही, कारण ती वर्षाला साठ-ऐंशी अंडी घालते आणि मध्येच अंडी उबवायला खुडूक बसते. पण सुधारित जातीची कोंबडी परसात आली की साठवणीचा विचार आधीच करून ठेवावा लागतो.

अंडी फ्रिजमध्ये ठेवावीत, चुन्यात की तेल लावून, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते निम्मा निकाल त्याच्या आधीच लागलेला असतो. अंडं फलित होतं का, कोरड्या खोपट्यात (कोंबडी अंडी घालते त्या खोक्यात) पडलं का आणि किती तासांनी उचललं, या तीन गोष्टी बिघडल्या असतील तर पुढची कुठलीही पद्धत ते अंडं वाचवू शकत नाही.

कोंबड्यापासून सुरुवात करू. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही; तो फक्त फलनापुरता. फलित अंड्यातला गर्भ साधारण २०-२१ अंशांच्या वर हळूहळू वाढायला लागतो. श्रावणात आपल्याकडे घरातलं तापमान २५ ते २८ अंश असतं. उबवणीला लागणाऱ्या साडेसदतीस अंशांपेक्षा हे बरंच कमी, त्यामुळे गर्भ धड वाढत नाही आणि धड झोपूनही राहत नाही. थोडा वाढतो, मरतो आणि अंडं आतून सडायला सुरुवात होते. अफलित अंड्यात ही भानगडच नाही. त्यामुळे साठवायची अंडी कोंबड्याविना घातलेली असावीत. मात्र कोंबडा हलवल्यावरही कोंबडीच्या शरीरात वीर्य टिकून राहतं आणि दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात. आखाडात कोंबडा तसाही पातेल्यात जातोच. तो गटारीला न जाता आखाडाच्या सुरुवातीला गेला तर श्रावणातली अंडी पहिल्या दिवसापासून साठवणीजोगी मिळतात. गटारीला कापलात तर अर्धा श्रावण फलित अंडीच गोळा करत बसाल. कोंबडा ठेवायचाच असेल तर वेगळ्या खुराड्यात ठेवा.

आता खोपटं. ताज्या अंड्याच्या कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांच्यावर कोंबडीच्या अंगातून आलेला एक पातळ थर वाळून बसलेला असतो. जंतूंना बाहेर थोपवणारा हा पहिला पडदा. अंडं बाहेर पडतं तेव्हा कोंबडीच्या अंगाइतकं, सुमारे ४१ अंश गरम असतं. ते गार होताना आतला ऐवज आकसतो आणि बोथट टोकाकडून हवा आत ओढली जाते. तिथंच हवेची पोकळी तयार होते. अंडं त्या वेळी ओल्या, शिटलेल्या तुसावर पडलेलं असेल तर हवेबरोबर ओलावा आणि जंतूही आत खेचले जातात. पावसाळ्यातली अंडी लवकर नासण्याचं हे खरं कारण. लोक मात्र फ्रिजला दोष देतात.

म्हणून चार-पाच कोंबड्यांमागे एक खोपटं, साधारण फूटभर लांब-रुंद, जमिनीपासून उचललेलं. तळाला तीन इंच कोरडं भाताचं तूस. ओलं दिसलं की त्याच दिवशी बदला, आठवड्याची वाट बघू नका. रात्री खोपट्यांची तोंडं पोत्यानं किंवा फळीनं बंद करा. कोंबड्या तिथं झोपल्या की रात्रभर शिटतात आणि सकाळची पहिली अंडी त्यातच पडतात. बहुतेक अंडी दुपारच्या आत येतात, तेव्हा अकराच्या सुमारास एकदा आणि तीन-चारला एकदा अशी दोनदा गोळा करा. खुडूक कोंबडी खोपट्यात ठाण मांडून बसली असेल तर तिला त्याच दिवशी उठवून डाल्याखाली झाका. तिच्या पोटाखाली दिवसभर राहिलेलं दुसरीचं अंडं साठवणीतून बाद.

कवच पातळ असेल तर ते टिकत नाही. रोज घालणाऱ्या कोंबडीला दिवसाला साडेतीन-चार ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि नुसत्या तांदळाच्या कण्या-मक्यावर ते मिळत नाही. शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या भांड्यात सतत ठेवा. जिला हवा ती खाते. शिंपले मिळत नसतील तर अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून, बारीक चुरून द्या. न चुरता दिलीत तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागते. पावसाळ्यात जंताचं किंवा दुसरं औषध चालू असेल तर त्याच्या वेष्टनावर अंड्यांसाठी दिलेला वर्ज्य काळ पाहा. त्या दिवसांतली अंडी खायची नाहीत, मग साठवायचा प्रश्नच उरत नाही.

गोळा केल्यावर तिथल्या तिथं तीन वाटे करा. स्वच्छ, कोरडी, धडधाकट अंडी साठवणीला. थोडी शिट लागलेली कोरड्या भांडी घासायच्या घासणीनं किंवा बारीक पॉलिश पेपरनं हलकेच पुसून आठवड्याभरात वापरायला. तडकलेली त्याच दिवशी शिजवायला. डोळ्यांना न दिसणारी तड ओळखायची असेल तर दोन अंडी कानाजवळ अलगद एकमेकांवर टेकवा. धड अंड्यांचा आवाज खणखणीत ‘टिक’ येतो, तडकलेल्याचा बसका. हात बसला की एका ट्रेला दोन मिनिटं पुरतात.

धुणं हा आपल्याकडचा हमखास घोळ आहे. बाजारातून आणलेली भाजी धुवावी तशी अंडी नळाखाली धरली जातात. गार पाण्यानं अंडं आकसतं आणि कवचावरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. वरचा संरक्षक थरही जातो. अमेरिकेत विक्रीची अंडी धुऊन सतत थंड ठेवतात आणि युरोपीय संघात ‘अ’ वर्गाची अंडी सहसा धुतच नाहीत. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. धुवायची आणि मग बाहेर ठेवायची ही आपली तिसरी पद्धत मात्र चुकीची. धुवावंच लागलं तर पाणी अंड्यापेक्षा किमान ११ अंशांनी गरम, म्हणजे ४०-४५ अंश असू द्या, वाहत्या धारेखाली झटपट धुवा, भिजत घालू नका, लगेच पुसून कोरडं करा आणि फ्रिजमध्ये ठेवून आधी तीच संपवा.

प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलनं तारीख घाला. स्केचपेन किंवा मार्कर नको, शाई छिद्रांतून आत उतरते.

श्रावणापुरता विचार केला तर फ्रिजला तोड नाही. न धुतलेलं, अफलित, त्याच दिवशी उचललेलं अंडं ४ अंशांवर दोन-तीन महिने खाण्याजोगं राहतं. धुतलेलं चार-पाच आठवडे. यात फरक पाडणाऱ्या गोष्टी बारीक आहेत. अंडी दाराच्या कप्प्यात ठेवू नका. दार उघडलं की तिथलं तापमान सगळ्यात आधी चढतं. कंपनीनं तिथं खळगे करून दिले म्हणून ते अंड्यांना योग्य ठरत नाहीत. आतल्या फळीवर, मागच्या बाजूला ट्रे ठेवा. फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि अंड्यातलं पाणी छिद्रांवाटे उडत राहतं, त्यामुळे ट्रे उघडा न ठेवता झाकणाच्या डब्यात किंवा सैल बांधलेल्या पिशवीत ठेवा. यानं वासही अडतो. शेजारी सुकट किंवा चिरलेला कांदा असेल तर महिनाभरानंतरच्या ऑम्लेटला त्याची चव लागते.

टोकदार बाजू खाली, बोथट वर. अंडं जुनं होतं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून जातो, पांढरा बलक पातळ होतो आणि पिवळा वर तरंगायला बघतो. हवेची पोकळी वर असली की पिवळा बलक कवचाला चिकटण्याआधी मध्ये ती आडवी येते. उलटं ठेवलेल्या अंड्यात बलक आवरणाला चिकटतो आणि फोडताना फुटतो.

एकदा गार झालेलं अंडं बाहेर काढून पुन्हा आत ठेवण्याची सवय पावसाळ्यात फार नडते. दमट हवेत गार कवचावर दव धरतं आणि त्या ओलीवर जंतू-बुरशीला आत शिरायला वाट मिळते. लागतील तेवढीच काढा. पाहुणे येणार म्हणून काढलेला अख्खा ट्रे उरला तर तो परत आत ढकलण्याऐवजी दोन दिवसांत संपवा.

फ्रिजमध्ये तीन-चार ट्रेंपेक्षा जास्त मावत नाहीत. उरलेल्यांसाठी फ्रीझर. कवचासकट अंडं गोठवायचं नाही; आतलं पाणी फुगून कवच फुटतं. उकडलेलंही नको, पांढरा भाग चिवट होऊन पाणी सुटतं. अंडी एकेक करून वाटीत फोडा, वास घ्या, मग मोठ्या भांड्यात घाला. थेट भांड्यात फोडलीत तर विसावं अंडं आधीच्या एकोणीस अंड्यांचं वाटोळं करू शकतं. काट्यानं फक्त बलक मिसळेपर्यंत फेटा; फेस आला तर गोठताना वर कोरडा, दाणेदार थर होतो. आता यात मीठ किंवा साखर घालणं महत्त्वाचं आहे. साधारण उणे ६ अंशांखाली पिवळा बलक जेलीसारखा घट्ट होतो आणि वितळल्यावरही पूर्ववत होत नाही. एक कप मिश्रणाला, म्हणजे सहा गावरान अंड्यांना, अर्धा चहाचा चमचा मीठ किंवा दीड मोठा चमचा साखर घातली की हा घट्टपणा बराच टळतो. मिठाचं भुर्जी-ऑम्लेटला, साखरेचं केक-पुडिंगला. डब्यावर ‘मीठ’ की ‘साखर’ ते लिहून ठेवा, नाहीतर दिवाळीच्या केकमध्ये कळेल.

बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. गावरान अंड्याचा कवचाविना ऐवज चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा नेहमीच्या मापाचे दोन खडे म्हणजे एक अंडं असा हिशेब बसतो. आपल्या ट्रेचं माप एकदा पाण्यानं मोजून घ्या. गोठल्यावर खडे काढून पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख टाका. वर्षभर चालतात. नुसते पांढरे बलक काहीही न घालता गोठतात आणि वितळल्यावर फेटलेही जातात. वितळवायला रात्रभर फ्रिजच्या खालच्या फळीवर ठेवा, ओट्यावर नको, आणि वापर फक्त पूर्ण शिजणाऱ्या पदार्थांत करा.

वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात फ्रीझर भरलेला ठेवा, रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवा आणि वीज गेल्यावर दार उघडू नका. मिश्रणात अजून बर्फाचे कण असतील तर ते पुन्हा गोठवता येतं, पोत थोडा बिघडतो इतकंच. पूर्ण वितळून कोमट झालेलं असेल तर टाकून द्या.

फ्रिजच नसेल तर? मग मुक्काम लहान ठेवायचा. खनिज तेलाचा हात हा त्यातला सगळ्यात सोपा उपाय. औषधाच्या दुकानात बिनवासाचं लिक्विड पॅराफिन मिळतं ते घ्या. शेंगदाण्याचं तेल महिनाभरात खवट होतं, खोबरेलाला वास असतो. अंडं घरातल्या हवेइतकं गार झालेलं आणि पूर्ण कोरडं हवं. ओल्या कवचावर तेल लावलं तर ओल आतच कोंडते आणि काळी बुरशी येते. तळहातावर दोन-चार थेंब घेऊन अंडं सगळीकडून चोळा. एका ट्रेला दोन-तीन चहाचे चमचे तेल पुरतं. हे अंडं घातल्याच्या दिवशीच करायचं, कारण कार्बन डायऑक्साइड सगळ्यात वेगानं पहिल्या काही दिवसांतच निघून जातो. चौथ्या दिवशी तेल लावणं म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. घरातल्या गार, हवेशीर कोपऱ्यात ही अंडी तीन-चार आठवडे राहतात. तेल लावून फ्रिजमध्ये ठेवली तर फारच चांगली टिकतात.

दुसरा उपाय चुन्याच्या निवळीचा. एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्याला २५ ते ३० ग्रॅम कोरडा विरलेला चुना, किंवा साधा, वास-रंग न घातलेला खायचा ओला चुना ५०-६० ग्रॅम. यातला अगदी थोडा, लीटरमागे दीड-दोन ग्रॅमच विरघळतो. बाकीचा तळाशी बसतो आणि तो तसाच राहू द्यायचा. चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्या. अॅल्युमिनियमचं भांडं चुन्यानं खाल्लं जातं. तीस गावरान अंड्यांना तीन लीटरची बरणी आणि दीड लीटर पाणी बरोबर होतं. त्याच दिवसाची, न धुतलेली, बिनतडकलेली अंडी टोक खाली करून अलगद सोडा. वर दोन इंच पाणी राहायला हवं. झाकण लावा. काही दिवसांनी पृष्ठभागावर पांढरी साय धरते, ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बनलेल्या खडूची, मोडू नका. चुना हाताला चावतो, डोळ्यांत गेला तर इजा करतो, तेव्हा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा झारा वापरा. कळीचा चुना घरी विरवण्याच्या भानगडीत पडू नका, त्यात पाणी उसळून अंगावर येतं.

युरोपातल्या थंड तळघरांत चुन्यातली अंडी आठ-आठ महिने ठेवल्याचं वाचून आपल्याकडे बरेच जण बरण्या भरून ठेवायला लागले आहेत. तिथलं तळघर १२-१५ अंशांचं असतं, आपलं माजघर २७ अंशांचं. चुना बाहेरून येणारे जंतू अडवतो, पण कोंबडीच्या पोटातूनच अंड्यात आलेला साल्मोनेला मारत नाही, आणि उबेत तो वाढतो. अमेरिकेतली अनेक विद्यापीठांची विस्तार केंद्रं याच कारणानं ही पद्धत सुचवत नाहीत. तरी करायचीच असेल तर महिना-दीड महिन्याची मुदत घाला, उन्हाळ्यात करू नका आणि अंडं पिवळा बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवा. वॉटरग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट, याचं काम साधारण असंच. आपल्याकडे ते बांधकाम आणि साबणाच्या धंद्यासाठी विकलं जातं, खाण्यासाठी नाही, तेव्हा त्याच्या नादी लागू नका.

वाळूत ठेवलेला ओला माठ किंवा विटा-वाळूचा शीतकक्ष फाल्गुन-चैत्रातल्या साठ्याला, तेही मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत, उत्तम. पाण्याची वाफ होताना गारवा येतो. श्रावणात हवाच पाण्यानं भरलेली, वाफ होणार कुठून? कोकणात तर नुसती बुरशी वाढेल. धान्याच्या कणगीत अंडी पुरून ठेवण्याचंही तेच. कोरड्या दिवसांत ठीक, पावसाळ्यात धान्य आणि अंडी दोन्ही गमावाल.

उकडलेल्या अंड्यांचं तेलातलं लोणचं करून बाहेर ठेवणं मात्र सरळ धोक्याचं आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही, उकडलेल्या अंड्यात आंबटपणा नसतो, आणि बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला नेमकं हेच हवं असतं. १९९७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात घरी घातलेल्या अंड्यांच्या लोणच्यातून एकाला बोटुलिझम झाला. तिथं व्हिनेगर होतं. पण अंडी टोचलेली होती आणि बरणी फ्रिजबाहेर होती. टोचलेल्या जागेतून जंतू बलकात गेले आणि व्हिनेगर तिथं पोहोचायच्या आधी वाढले. व्हिनेगरमधलं करायचं तर अंडी अखंड ठेवा, ५ टक्क्यांचं व्हिनेगर वापरा (साधं ४ टक्क्यांचंही मिळतं, लेबल वाचा) आणि पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा.

साठ्यातलं अंडं वापरण्याआधी अंधाऱ्या खोलीत तपासा. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून खाली मोबाइलचा टॉर्च लावा आणि बोथट टोक त्यावर धरा. ताज्या अंड्यात हवेची पोकळी तीन-चार मिलिमीटर खोल दिसते. आठच्या पुढे गेली तर अंडं जुनं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा किंवा लाल कडं दिसलं तर कोंबड्याचा हिशेब चुकला. पाण्यातली परीक्षा सगळ्यांना माहीत असते: आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फारच जुनं. पण ती फक्त वय सांगते, अंडं निरोगी आहे का ते नाही. शिवाय पाण्यात बुडवलेली अंडी पुन्हा साठ्यात ठेवता येत नाहीत, म्हणून सगळ्या ट्रेवर हा प्रयोग करू नका. फोडल्यावर पांढरा बलक दुधट दिसला तर घाबरू नका, ते ताजेपणाचं लक्षण. गुलाबी किंवा हिरवट दिसला तर वासाची वाट न बघता फेका आणि वाटी गरम पाण्यानं धुवा.

महिनाभर फ्रिजमध्ये राहिलेली अंडी उकडून सोलायला सगळ्यात सोपी. ताज्या अंड्याचं साल पांढऱ्याचे लचके घेऊन निघतं, कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड अजून गेलेला नसतो. म्हणून तेल लावलेली अंडी कितीही जुनी असली तरी सोलायला त्रास देतात. ती ऑम्लेट-भुर्जीला घ्या. तेलाची आणि चुन्याची अंडी उकडायची झाली तर बोथट टोकाला आधी टाचणीनं टोचा, कारण छिद्रं बुजलेली असतात आणि आतल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कवच पातेल्यातच फुटतं. चुन्यातल्या अंड्याचा पांढरा बलक पातळ झालेला असतो, तो फेटून वर येत नाही. केकला घेऊ नका. आणि दसऱ्यानंतर गिऱ्हाईक परतलं की त्याला त्या आठवड्याचीच अंडी द्या. साठ्यातली घरच्या रश्श्यात जाऊ द्या, जुनी तारीख आधी.